फर्लोचे दिवस

पोलीस पाटील भिवा खरात काखेत वही धरून दारात उभा राहिला, तेव्हा साधना अंगणात बसून कढई घासत होती. बुधवारची सकाळ, आठचा सुमार.

"अण्णा फाट्यावर गेलेत काका. बसा, येतीलच," ती म्हणाली.

"कारभारीभाऊकडं काम न्हाई. तुझ्याकडंच हाय." भिवानं आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, झालं ते झालं, मी काही इचारणार न्हाई. पण गावात फर्लोवर माणूस येतो आन् पोलीस पाटलाला पत्ता न्हाई, हे बराबर न्हाई. उद्या ठाण्यातून फोन आला तर मी काय सांगू? कोणत्या जेलातून आलीस, किती दिवसांची हाय, तेवढं फक्त लिहून दे."

साधनाला आधी वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण भिवानं वही उघडली, बॉलपेनाचं टोपण दातानं काढलं आणि तो खरोखर थांबला.

वाटूर गावात फर्लो या शब्दाला एकच अर्थ आहे. जन्मठेपेचा कैदी चांगला वागला, की त्याला वर्षाकाठी थोडे दिवस घरी सोडतात, ती फर्लो. सरकार तिला संचित रजा म्हणतं, पण ते सरकारपुरतं. गावातल्या मच्छिंद्रचा चुलता हर्सूलच्या जेलातून दोनदा असा येऊन गेला होता. त्यामुळे फर्लोवर आलेल्या माणसाशी कसं बोलायचं, त्याला चहा द्यायचा का, दिला तर कुठल्या कपातून, हे सगळं गावाला नीट पाठ होतं.

आणि गावाला हा शब्द सांगणारा दुसरा कुणी नव्हता. तिचा बापच होता.

कारभारी वायाळनं एकतीस वर्षं परतूर डेपोची एसटी चालवली. पोरगी पायलट झाली तेव्हा डेपोत पेढे वाटताना तो म्हणाला होता, "आमच्या घरात ड्रायव्हिंगच चालतं, फक्त रूट वरून गेला." सोमवारी पोरगी बॅगा घेऊन घरी आली. त्यानं विचारलं, "सुट्टी का?" तिनं फोनवरचं कंपनीचं पत्र दाखवलं. फर्लो, म्हणजे बिनपगारी रजा, असं समजावून सांगितलं. मंगळवारी फाट्यावरच्या हॉटेलात मच्छिंद्रनं विचारलं, "काय कारभारीभाऊ, विमान घरी आलंय म्हणं?" चारचौघांत बिनपगारी म्हणायला कारभारीची जीभ रेटेना. इंग्रजी शब्दानं इज्जत राहील असं वाटून तो छाती काढून म्हणाला, "फर्लोवर आलीय."

हॉटेलात जी सामसूम झाली, ती त्याला कौतुकाची वाटली.

संध्याकाळपर्यंत गावानं खटला पुरा चालवला होता. विमानवाली पोरगी म्हणजे सोन्याचीच भानगड असणार. बिस्किटं कमरेला बांधून आणत होती. सात वर्षं सांगितलीत. कुणी म्हणालं दहा. तिच्या वर्गातल्या एकीनं तर ‘मला शाळेतच तिचं लक्षण दिसलं होतं’ असं सांगून टाकलं. जी माणसं साधना पायलट झाली तेव्हा ‘सेटिंग असणार’ म्हणाली होती, त्यांना आज फार बरं वाटलं. दुसऱ्याचं भलं झालं की यांचं पोट दुखतं आणि वाईट झालं की जेवण गोड लागतं. अशी माणसं सगळ्या गावांत असतात, वाटूरला जरा जास्त आहेत.

रात्री बदनापूरहून दैवशाला आत्याचा फोन आला होता. ती रडत होती. "मला आधी कामून सांगितलं न्हाई गं? तुझ्या मामांचा भाचा वकील हाय. जामिनाचं त्यानं बघितलं असतं." साधनाला तेव्हा काही कळलंच नव्हतं. आता दारातल्या वहीकडं बघून सगळं कळलं.

ती हसायला लागली. कढई खाली ठेवून, गुडघ्यात तोंड घालून हसली. आतून उषाबाई, तिची माय, पदराला हात पुसत बाहेर आली. तिला वाटलं पोरगी रडतेय.

"काय केलंस भिवा तिला?"

"मी कुठं काय केलं वहिनी? नोंद तर घ्यावी लागते."

साधनानं डोळे पुसले, माठातलं पाणी आणून भिवाच्या पुढं ठेवलं आणि म्हणाली, "काका, मी जेलात नव्हते. विमान कंपनीत होते. कंपनीची अकरा विमानं उभी राहिली, इंजिनाचे भाग बाहेरून येईनात. मग त्यांनी बेचाळीस को-पायलटपण उभे केले. त्या रजेला ते फर्लो म्हणतात."

"असं." भिवाला पटलं नाही. चाळीस वर्षांत त्याला आपल्या तोंडानं ‘मी केलं’ म्हणणारा एकही भेटला नव्हता. "कागद हाय?"

कागद होता. साधनानं फोन काढला. पत्राची सुरुवात ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ अशी होती. जी कंपनी स्वतःला कुटुंब म्हणवते तिच्यापासून चार हात लांब राहावं. घरातल्या माणसाला कुणी ईमेल करून दाराबाहेर काढत नाही. त्या कुटुंबातल्या मोठ्या साहेबांच्या पगाराला नख लागलं नव्हतं, ते पत्रात लिहिलेलं नव्हतं.

ती एकेक अट मराठीत सांगत गेली आणि भिवा मान हलवत गेला.

"किती दिवसांची?"

"तारीख नाही दिलेली. पुढील आदेशापर्यंत."

"आमच्यात तारीख देतेत," भिवा म्हणाला. "बाहेर कामधंदा करायची परवानगी?"

"दुसरीकडं विमान चालवायचं नाही. कुठंच."

"बोलावणं आलं की?"

"सात दिवसांत हजर."

"पेपरवाल्यांशी बोलायचं?"

"बिलकुल नाही."

भिवानं वहीवरून नजर वर केली. "मंग यात वेगळं काय हाय बाई?" तो खरंच कोड्यात पडला होता. मग त्याला शेवटचं आठवलं. मच्छिंद्रचा चुलता त्यावरच फार खूश असायचा. "बरं, हे दिवस धरतेत का?"

"म्हणजे?"

"फर्लोचे दिवस शिक्षेत धरतेत ना. घरी झोपला तरी शिक्षा कमी होऊन राह्यली. पॅरोलचं तसं न्हाई, ते दिवस वाया. म्हनून कैदी आधी फर्लोच मागतो. तुझे धरतेत का न्हाई?"

साधनानं पत्र परत वाचलं. सातवी अट. सेवाज्येष्ठता या काळापुरती स्थगित राहील. तिनं ती सोमवारपासून चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा तिच्यावरून गाडी पुढं नेली होती.

"नाही धरत," ती म्हणाली.

"मंग ही फर्लो न्हाई," भिवानं टोपण लावलं आणि वही मिटली. "तुझ्या कंपनीला फर्लो म्हंजी काय ते तरी ठाऊक हाय का? खुन्याचे धरतेत आन् तुझे न्हाई." पाणी पिऊन तो उठला. जाताना उषाबाईला म्हणाला, "सोन्याचं काही न्हाई वहिनी, मी सांगतो गावात. पण पोरीला फसवलंय कुणीतरी."

पायलटची कमाई तासांत मोजतात. हवेत काढलेला तास वहीत चढतो, जमिनीवरचा चढत नाही. साधनाचे अकराशे ऐंशी झाले होते. पंधराशे झाले की कॅप्टनचं लायसन मिळण्याचा रस्ता मोकळा. दोन वर्षं ती उजव्या सीटवर बसली होती, म्हणजे कंडक्टरच्या बाजूला, असं अण्णा डेपोत समजावून सांगायचा. आता तीनशे वीस तास राहिले होते आणि कंपनी म्हणत होती की इथंच थांब, हलू नकोस, कधी ते आम्ही सांगू. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पत्रावर सही करायची होती. पत्राखाली दोन चौकोन होते. पहिला, अटी मान्य. दुसरा, राजीनामा, आणि मग दुसरीकडं लागायला लागणारा ना-हरकत कागद चार दिवसांत. दुसऱ्या चौकोनाची अक्षरं बारीक होती, चुकून कुणाला दिसू नयेत अशी.

बेचाळीसपैकी अडतीस जणांनी पहिल्या दिवशीच सही ठोकली होती. ग्रुपवर अंगठे आणि हात जोडलेली चित्रं पडली होती. सकारात्मक राहू या, एकानं लिहिलं होतं. साधनापण करणारच होती. बुधवारी सकाळी कढई घासून झाली की करणार होती.

तिनं सही केली नाही. जालन्याच्या धावपट्टीवर नव्यानं सुरू झालेल्या फ्लाइंग स्कूलची जाहिरात महिनाभर ग्रुपवर फिरत होती आणि तिकडं कुणी लक्ष देत नव्हतं. एअरलाईनच्या पायलटांना चार सीटांचं विमान म्हणजे कमीपणा. तिनं जाहिरातीखालचा नंबर लावला.

"कॅप्टन महेबूब," पलीकडून खरखरीत आवाज आला. "बोलो."

तिनं नाव, गाव, तास सांगितले. एअरलाईनला लागायच्या आधी इन्स्ट्रक्टरचं लायसन काढलं होतं, ते अजून चालू आहे, हेही सांगितलं.

"वाटूरची? अपने वाटूर फाट्याची?" म्हातारा जरा थांबला. "ऐक बेटा. सव्वीस पोरं हायत आन् इन्स्ट्रक्टर दोन. पोरं हँगरमध्ये बसून मोबाईल बघतेत. पगार तुझ्या कंपनीच्या पाव बी न्हाई. धूळ हाय, उन्हाळ्यात विमानाला हात लावला तर चटका बसतो. पण रोज पाच तास उडशील, आन् ते तास तुझे. कमांडचे, विमान तुझ्या हुकमात."

"मी टेस्ट द्यायला कधी येऊ?"

"आधी तिकडची नोकरी सोडून ये. अर्धी इकडं, अर्धी तिकडं, अशी मला नको. आन् टेस्टमध्ये नापास झालीस तर मी घेणार न्हाई, हे आत्ताच सांगतो. गावची असली तरी."

म्हणजे आधी हातातलं सोडायचं आणि मग विचारायचं की मिळेल का. सोडलं आणि टेस्ट गेली, तर दोन्हीकडून मोकळी. साधनानं तारीख मागून घेतली. पुढचा बुधवार.

गुरुवारी दैवशाला आत्या रेल्वेनं परतूरला आणि तिथून जीपनं वाटूरला येऊन धडकली. जेलाचं खोटं निघाल्यामुळं तिला जेवढा आनंद झाला होता, तेवढाच राग राजीनाम्याचं ऐकून आला.

"सही कर आन् गप घरी बैस," आत्या म्हणाली. "नाव तर राहील ना कंपनीचं? बायोडाटात एअरलाईन पायलट लिहिता येतं. ते सोडून तू ड्रायव्हिंग स्कूलची मास्तरीण होणार? पोराकडचे इचारतील, काय करते, तर काय सांगू, शिकाऊ गाडीवर बसते?"

"सांगा की, विमान शिकवते."

"तोंड बघ. तोंडच आडवं येतं हिचं सगळीकडं."

आत्याचं साधना मनावर घेणार नव्हती. पण बाजेवर बसलेला बाप अडकित्त्यानं सुपारी कातरत होता आणि कातरलेली खात नव्हता. तिला भीती त्याची होती.

"अण्णा, तुम्ही बोला ना."

"मी काय बोलू." कारभारीनं अडकित्ता खाली ठेवला. "एकतीस वर्षं नोकरी केली. लई जणांनी सोडली, वडापच्या जीपा चालवायला गेले, रोजचे नगद भेटतेत म्हणून. आज कुणी विचारत न्हाई त्यांना. तू एसटीचं स्टिअरिंग सोडून काळी-पिवळी चालवायला निघालीस. सत्तर सीटांवरून चार सीटांवर. मला नाही झेपत, बस्स."

साधनाला हे लागलं. बापानं वर्षानुवर्षं मुक्कामी गाड्यांवर डास मारत काढलेल्या रात्री तिला ठाऊक होत्या. पण खोटं बोलून तिला मन राखता येत नव्हतं, तो गुण घरचाच होता.

"अण्णा, मी एसटी चालवत नाहीच आता. मी डेपोत उभी आहे. बिनपगारी. सही केली तर उभी राहते, किती दिवस ते माहीत नाही. वर्षभर हात लावला नाही तर हात जड होतो, तुम्हीच सांगता. मग ते बोलावतील आणि टेस्टला फेल करून घरी पाठवतील, आणि तेव्हा माझीच चूक निघेल. काळी-पिवळी तर काळी-पिवळी. ती चालते तरी."

"कंपनी तसं करणार न्हाई."

"का नाही करणार?"

कारभारीनं अडकित्ता परत हातात घेतला. तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापणारी उषाबाई, वर न बघता, म्हणाली, "तुमी रिटायर झाल्यावर सहा महिने रोज डेपोत जाऊन बसत होते. नव्या मॅनेजरनं एक दिवस तरी चहा इचारला का?"

कारभारी उठून बाहेर गेला. आत्या म्हणाली, "वहिनी, तुमीच शेफारून ठेवलीय हिला." उषाबाईनं भाकरी उलटली. "हो," ती म्हणाली.

शुक्रवारी चार वाजता फोन आला. कंपनीच्या मनुष्यबळ विभागातली प्रिया. आवाज असा, की गुळाचा पाक ओतावा.

"साधना, तुझं कन्सेंट अजून आलेलं नाही. फक्त आठवण म्हणून फोन केला. आम्हाला तुमची खूप काळजी आहे."

"एक विचारायचं होतं प्रिया. हे दिवस धरणार का?"

"सॉरी?"

"रजेचे दिवस नोकरीत धरणार का? ज्येष्ठता चालू राहणार? सिम्युलेटरचा सराव देणार? लायसनच्या वैद्यकीय तपासणीचा खर्च?"

"ॲक्चुअली, ते पॉलिसीप्रमाणे पॉज राहील. पण तू कुटुंबाचा भाग राहशीलच ना."

"आमच्याकडं खून केलेला माणूस फर्लोवर येतो," साधना म्हणाली. तिचा आवाज शांत होता आणि त्यामुळं ती स्वतःच जरा घाबरली. "त्याचे दिवस सरकार शिक्षेत धरतं. परत कधी जायचं त्याची तारीख त्याला माहीत असते. मी दोन वर्षांत एक फ्लाइट चुकवली नाही. दिवाळीच्या पहाटे उड्डाणं केली, ताप अंगावर काढून केली. आणि तुम्ही मला तारीख देत नाही, दिवस धरत नाही, दुसरीकडं हात चालवू देत नाही. कैद्यापेक्षा खालच्या अटी लिहिल्यात तुम्ही, आणि वर फर्लो म्हणता. शब्द तरी नीट वापरा."

प्रियाचा पाक आटला. "राजीनामा दिलास तर परत येताना शेवटच्या नंबरावर येशील. सगळ्यात ज्युनिअर. हे लक्षात आहे ना? आणि सध्या बाजारात कुठंच भरती नाही."

"लक्षात आहे."

"भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस."

"भावनेच्या भरात मी बुधवारी सही करणार होते. आता शुद्धीवर आहे."

फोन ठेवून तिनं दुसऱ्या चौकोनावर बोट टेकवलं. खात्री आहे का, असं फोननं विचारलं. तिनं ‘हो’ दाबलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. बाहेर कारभारी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं.

"केलंस?"

"केलं."

त्या संध्याकाळी कारभारी फाट्यावर गेला आणि मच्छिंद्रनं "काय, किती दिवस राहिले पोरीचे?" असं विचारल्यावर सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बिनपगारी घरी बसवली होती कंपनीनं. नोकरी लाथाडून दिली पोरीनं. अजून काही इचारायचं हाय का?" कुणाला काही विचारायचं नव्हतं.

ना-हरकत कागद मंगळवारी आला. बुधवारी सकाळी बाप-लेक एसटीनं जालन्याला उतरले आणि रिक्षा करून धावपट्टीवर पोचले. तुम्ही कशाला येता असं तिनं विचारलं नाही आणि मी येतो असं त्यानंही सांगितलं नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो सरळ एसटीत चढला होता.

हँगरच्या सावलीत सात-आठ पोरं-पोरी खरंच मोबाईल बघत बसली होती. कॅप्टन महेबूब साठीच्या पुढचा, बुटका, कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके. त्यानं साधनाचे कागद बघितले, मग कारभारीकडं बघितलं.

"वडील? काय करता?"

"एसटीत होतो. एकतीस वर्षं. विनाअपघात बिल्ला हाय."

"मंग बसा इथं. तुमची पोरगी गाडी कशी उतरवते, तुम्हीच सांगा मला नंतर." म्हाताऱ्यानं बाक पुसून दिला.

विमान लहान, एका इंजिनाचं, दार लावलं तर डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज. साधनानं दोन वर्षांत हाताला धक्के देणारं विमान चालवलं नव्हतं. मोठ्या विमानात हवा लांब असते, इथं ती मांडीवर येऊन बसली. पहिलं वळण तिनं जरा जास्त घेतलं. दुसरं नीट घेतलं. तिसऱ्याला तिला वाटलं, आपल्याला येतंय.

दोन हजार फुटांवर म्हाताऱ्यानं हात पुढं करून इंजिनाची ताकद पूर्ण मागं खेचली. घरघर थांबली. नुसता वारा.

"गेलं इंजिन," तो म्हणाला. "आता?"

साधनाचा हात आपोआप डावीकडं गेला, दुसऱ्या इंजिनाच्या लिव्हरकडं. तिच्या सत्तर सीटांच्या विमानाला दोन होती. एक गेलं तर दुसऱ्यावर यायचं, दर सहा महिन्यांनी तेच घोटून घेतलं होतं. तिथं काही नव्हतं. हात हवेत राहिला.

महेबूबनं तो बघितला. "दुसरं न्हाई बेटा. इथं एकच."

एक क्षण तिला वाटलं, संपलं. राजीनामा गेला, हे पण गेलं. शुक्रवारच्या चार-वीसला केलेली चूक आता जमिनीपासून दोन हजार फुटांवर कळतेय. मग तिनं नाक खाली केलं, वेग धरला आणि बाहेर बघितलं.

खाली नोव्हेंबरातलं रान पसरलं होतं. मोसंबीच्या बागा, ठिपके ठिपके. पांढरी पडलेली कपाशी. उंच तुरी. आणि नाकासमोर एक सपाट, हिरवागार, लांबलचक चौकोन, गालिचा अंथरल्यासारखा. कुणीही तोच निवडला असता.

"ते हिरवं नाही," साधना मोठ्यानं बोलत गेली, शिकवताना बोलावं तशी. "तो हरभरा आहे, नुकतं पाणी दिलंय, कडेला चमकतंय. चाकं रुततील, विमान पालथं होईल. त्याच्या डावीकडची कपाशी नको, कुंपणाची तार असते. त्या पलीकडं पिवळट दिसतं ते. सोयाबीन काढलेलं, अजून नांगरलेलं नाही, खाली घट्ट आहे. बांधावरचा धूर पूर्वेकडं जातोय, म्हणजे वारा पश्चिमेचा. पश्चिमेकडं तोंड करून, तासाच्या रेघेत उतरणार. आडवी नाही."

"तास?"

"पेरणीचे तास सर. ओळी. आडवं उतरलं की दर फुटाला दणका."

बोलता बोलता तिनं पेट्रोलची चावी, स्विच, सगळं एकामागून एक तपासलं, संकटाचा संदेश तोंडानं म्हणून दाखवला, उंची जास्त वाटली तेव्हा एक वळसा जास्त घेतला. पिवळट पट्टा काचेत मोठा होत आला. पाचशे फुटांवर सोयाबीनचे बुडखे दिसायला लागले. एक म्हातारी बांधावर उभी राहून डोळ्यांवर हात धरून वर बघत होती.

"बस," महेबूब म्हणाला. "वर घे."

इंजिन गर्जलं. साधनानं नाक उचललं. तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

म्हातारा खालच्या रानाकडं बघत होता. "मागच्या साली दोन इन्स्ट्रक्टर आल्ते, बाहेरून," तो म्हणाला. "लई हुशार. दोघांनी बी हिरवं निवडलं. मी त्यांना म्हणालो, ती लॉन न्हाई." मग म्हणाला, "तासाची रेघ मला बी कुणी सांगितली नव्हती. चाळीस साल उडून राह्यलो इथल्या डोक्यावरून."

ती उतरली तेव्हा चाकं एकदाच टेकली, परत उडाली नाहीत. बाकावरून कारभारी उठून उभा राहिला होता. महेबूब त्याच्यापाशी जाऊन म्हणाला, "बोला ड्रायव्हरसाब. कशी उतरवली?"

कारभारीनं घसा साफ केला. तोंडात आलेलं कौतुक त्यानं गिळलं, कारण आयुष्यात कुठल्या शिकाऊ ड्रायव्हरला त्यानं ते दिलं नव्हतं. "ब्रेक थोडा लवकर लावला," तो म्हणाला. आणि मग त्याचे डोळे भरून आले, तसा तो विमानाचं चाक बघायच्या निमित्तानं खाली वाकला.

"उद्यापासून साडेसहाला," महेबूबनं साधनाला सांगितलं. "पण उद्या कशाला. पोरं रिकामीच हायत. पायल, उठ."

पायल धावड्याची, भोकरदनच्या पुढची. एकोणीस वर्षांची, केसांची घट्ट वेणी. तिचा मोबाईल खिशात जायच्या आधीच ती विमानाच्या दाराशी पोचली होती. अकरा दिवस ती नंबर लागायची वाट बघत होती. साधना डाव्या सीटवर बसायला निघाली, मग तिच्या लक्षात आलं की शिकणारा डावीकडं बसतो. ती उजवीकडं बसली. तीच बाजू, दोन वर्षं जिथं बसली होती ती. फक्त आता हुकूम त्याच बाजूनं सुटणार होता.

पन्नास मिनिटं त्या हवेत होत्या. पायलनं विमान मासोळीसारखं वळवळवलं, दोनदा रेडिओवर चुकीचं बोलली, आणि एकदा, साधनानं हात काढून घेतल्यावर, पूर्ण तीन मिनिटं सरळ नेलं. तेव्हा ती नुसती दात दाखवून हसत राहिली. साधनानं तिला हसू दिलं.

खाली आल्यावर पायलनं पंखावरच वही ठेवून तास लिहायला घेतले. तारीख, विमानाचा नंबर, पन्नास मिनिटं. पुढचा रकाना कमांडरच्या नावाचा.

"मॅडम, इथं कुणाचं लिहू? कॅप्टनसरांचं?"

"ते खाली बसले होते ना."

"मंग?"

"माझं लिही. साधना वायाळ."

पायलनं पेन टेकवलं, थांबली. "इंग्रजीत वायाळला ए किती मॅडम? दोन का तीन?"

"दोनच. आणि हात चालव जरा लवकर, तुझ्या मागं अजून सात जण उभे आहेत."